गाडी सेल घेते, पण उठत नाही

“एवढी शिकली, पण त्या शाळेत बोलायचं शिकवायचं ऱ्हाऊनच गेलं बघा.”

हे वाक्य माझ्या आत्याने ट्रकच्या फाळक्याआड उभं राहून शेजारणीला सांगितलं. फाळक्याच्या दुसऱ्या बाजूला, हातात हळदीकुंकवाचं ताट घेऊन, मी उभी होते. आत्या कुणाच्या कानात कुजबुजली, तरी भीमेपलीकडे दौंड तालुक्यात ऐकू जातं. मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाही. म्हणजे तिचं म्हणणं मी तिथल्या तिथे सिद्ध करून दाखवलं.

आमची गाडी त्या दिवशी बंद पडली, असं लोक अजून सांगतात. ते चूक आहे. बंद पडायला गाडी आधी चालू व्हावी लागते.

खंडेनवमीची सकाळ होती. मांडवगण फराट्याजवळच्या आमच्या वस्तीवर, अंगणाच्या मधोमध, आप्पांचा जुना डिझेल ट्रक उभा होता. आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. ट्रक माझ्यापेक्षा वयाने मोठा आहे आणि घरात माझ्यापेक्षा जास्त आवाज करतो, त्यामुळे त्याला मान आहे. त्या दिवशी तो झेंडूच्या क्रेटने गच्च भरलेला होता, आणि तो झेंडू वहिनीचा होता.

वहिनी म्हणजे आप्पांची सून. आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या कांदा लावतात. वहिनीने विहिरीकडच्या तीस गुंठ्यांत झेंडू लावायचा म्हटल्यावर आप्पा आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, “फुलं काय कालवणात घालायची?” शेवटी बरीच रदबदली होऊन तह झाला, की एक साल झेंडू. फुलं वेळेत बाजाराला गेली तर ते रान वहिनीचं, नाही गेली तर पुढच्या साली कांदा. वहिनीने स्वतः रोपं आणली, स्वतः फवारलं, आदल्या दिवशी सहा बायका घेऊन स्वतः तोडा केला. यवतच्या व्यापाऱ्याची मोठी गाडी अकरा वाजता मुंबईला सुटणार होती. तिच्यात ही फुलं चढली, की वहिनी जिंकली. नाही चढली, तर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडूला म्हशीशिवाय गिऱ्हाईक नसतं.

यवत आमच्याकडून तासाभराच्या आत येतं. सकाळचे आठ वाजले होते. काळजीचं काही कारण नव्हतं. मी सोडून.

खंडेनवमीला आमच्याकडे विळे, कोयते, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा होते. गाडीची पूजा घरातल्या कुमारिकेने करायची, असा आत्याचा नियम. घरात कुमारिका एकच. पुण्याहून सुट्टीला आलेली, दौंडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि ‘करायचं नाही’ हे दोन शब्द वेळेवर न सुचणारी.

“हार बाहेरनं न्हाई, आतनं बांध,” आत्याने फर्मावलं. “बाहेरनं वाऱ्यानं उडतो. ह्या कडंपासून त्या कडंपातूर. आन् घट्ट बांध, लोंबकळला न्हाई पायजे.”

मी केबिनमध्ये चढले. डाव्या दाराच्या दांडीला हाराचं एक टोक बांधलं. उजवीकडे, स्टेअरिंगजवळ, दुसरं टोक बांधायला काही मिळेना. मग डॅशबोर्डच्या खाली एक काळा, लिंबाएवढा गोल नॉब दिसला. त्याला सुतळी गुंडाळली तर ती निसटायची, कारण त्याला मानच नव्हती. मी तो जरा ओढून पाहिला. तो अगदी आज्ञाधारकपणे तीन बोटं बाहेर आला, आणि मागे छान चकचकीत दांडी निघाली. हार बांधायची इतकी उत्तम सोय गाडी बनवणाऱ्यांनी करून ठेवली आहे, याचं मला मनापासून कौतुक वाटलं! मी त्या दांडीला सुतळीच्या पाच गाठी मारल्या. वरून झेंडू सारखा केला. नॉब पार दिसेनासा झाला.

(ज्यांना जुन्या डिझेल गाड्या कळतात, त्यांनी इथे कपाळावर हात मारला असेल. तो तिथेच ठेवावा, पुढे पुन्हा लागणार आहे.)

आरती झाली. नारळ फुटला. आप्पा टोपी नीट करून स्टेअरिंगवर बसले, वहिनी शेजारी बसली, आणि आप्पांनी किल्ली फिरवली.

खर्र-खर्र-खर्र-खर्र.

मग शांतता.

“पयल्या झटक्याला उठत न्हाई ती,” आप्पा म्हणाले. “लाजती.”

दुसरा झटका. खर्र-खर्र-खर्र-खर्र. तिसरा. चौथा. पाचव्याला आप्पांनी टोपी काढून ठेवली.

“सेल तर झकास घेतीय,” ते म्हणाले. “मंग उठंना का?”

“आज हत्यारानं काम करायचं नसतं,” आत्या खालून म्हणाली. “गाडीनं खंडेनवमी पाळलीय.”

“मंग हे काल सांगायचं हुतंस. फुलं भरल्यावर सांगतीस व्हय?”

“मला कुणी इचारलं?”

आमच्या वस्तीवर कुणाच्या घरी काम निघालं, तर माणूस शोधून सापडत नाही. पण कुणाची गाडी सुरू होत नाही असं कळलं, की लोक हातातला घास टाकून येतात! दहा मिनिटांत बारा माणसं जमली. एकाने टाकीत काठी बुडवून पाहिली आणि “डिझेल हाय” असं जाहीर केलं. दुसऱ्याने बॅटरीच्या तारा हलवल्या. बाकीच्यांनी टायरला लाथा मारल्या. टायरचा आणि इंजिन न उठण्याचा संबंध काय, हे मला आजही कळलेलं नाही. पण लाथ मारल्याशिवाय एकही जण मागे सरकला नाही.

वहिनी खाली उतरली आणि पिकअपवाल्यांना फोन लावू लागली. एक पुण्यात होता, एक नवसाला गेला होता, आणि तिसऱ्याने सांगितलं, “ताई, आत्ताच गाडी धुऊन पूजा मांडलीय, दुपारनंतर बघू.” तिने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून हसली. “व्हईल हो चालू, सायलीताई. तुम्ही नका तोंड बारीक करू.” माझं तोंड कायमच बारीक असतं, हे तिला माहीत होतं. घरात मला न चिडवणारी ती एकटीच.

साडेआठला बबनमामा मिस्त्री आले. ते कुणाचे मामा आहेत, कुणास ठाऊक. गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं, आणि आतूनच बोलले.

“एअर धरलीय.”

“मी तेच म्हणत हुतो!” मागून तिघे म्हणाले. (एकही म्हणत नव्हता.)

मामांनी फिल्टरवरचा छोटा हातपंप दाबायला सुरुवात केली. एक नट सैल केला. डिझेलचे बुडबुडे आले, मग नुसतं डिझेल आलं. सगळ्यांनी “हां!” म्हटलं. नट आवळला. आप्पांनी किल्ली फिरवली. खर्र-खर्र-खर्र-खर्र.

“हां” म्हणणाऱ्यांनी ते हळूच गिळलं.

मामांनी आता इंजिनकडे जाणाऱ्या बारीक नळीचा नट सैल केला. “मारा सेल!” आप्पांनी मारला. नळी कोरडी ठणठणीत.

“हे बघा आप्पा,” मामा बाहेर आले. “डिझेल पंपापातूर येतंय. पंपाच्या फुडं थेंब न्हाई. स्टॉपर बाहेर ऱ्हायलाय का बघा जरा.”

आप्पांचा चेहरा असा झाला, की मामांनी त्यांच्या कुळाबद्दल काही विचारलंय.

“बबन, मी तीस वर्सं ही गाडी चालवतोय. गाडी बंद करताना स्टॉपर ओढायचा, बंद झाली की परत आत ढकलायचा. काल संध्याकाळी ह्या हातानं ढकललाय. तू मला स्टॉपर शिकवतो?”

“शिकवत न्हाई, निस्तं बघा म्हणतोय.”

आप्पांनी रागारागाने हार बाजूला करायला हात घातला.

“हाराला हात न्हाई लावायचा!” आत्या अशी किंचाळली की आप्पांनी स्टेअरिंगवरचाही हात काढला. “पूजेचा हार हाय! उद्या सोनं लुटल्याबिगर हलवायचा न्हाई!”

“ऐकलंस?” आप्पा मामांना म्हणाले. “आन् तसंबी तो आतच हाय.”

हे सगळं मी तुळशीपाशी उभी राहून ऐकत होते. स्टॉपर म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. तेवढ्यात दादाचा व्हिडिओ कॉल आला. दादा म्हणजे वहिनीचा नवरा. तो कारेगावात खोली घेऊन राहतो आणि तिथल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. त्या दिवशी त्याला सुट्टी नव्हती, पण सल्ला द्यायला सुट्टी लागत नाही.

“आप्पा, घाई करू नका. आधी रूट कॉज शोधा,” तो वहिनीच्या मोबाइलमधून म्हणाला. “आमच्याकडं पद्धत आहे. पाच वेळा ‘का’ विचारायचं.”

“बरं. गाडी का उठंना? डिझेल येईना. डिझेल का येईना? पंप सोडंना. पंप का सोडंना? ते बबनला कळंना. बबनला का कळंना? त्यो बबन हाय म्हणून.”

“हे चारच झाले, आप्पा.”

“पाचवं मी तुला इचारतो. तू हितं यायचं सोडून तिकडनं कावळ्यासारखं का-का का करतोयस?”

दादाची रेंज त्याच क्षणी गेली. (त्याने घालवली, असा माझा अंदाज आहे.) पण दोन मिनिटांनी त्याने पुन्हा कॉल लावला, आणि मोबाइल आप्पांच्या हातातच राहिला.

मला वाटलं, आपणही काहीतरी करावं. मी माझा मोबाइल काढला आणि शाळेने शिकवलेल्या शुद्ध इंग्रजीत प्रश्न टाइप केला, की जुनी डिझेल गाडी सेल घेते पण सुरू होत नाही, तर काय बघावं? उत्तरांची यादी आली. डिझेल आहे का, बघा. होतं. फिल्टरमध्ये हवा आहे का, बघा. काढली. आणि तिसरं, इंजिन बंद करायचा नॉब चुकून बाहेर ओढलेला राहिला आहे का, बघा. खाली फोटो होता.

फोटोतला नॉब काळा होता. लिंबाएवढा होता. तीन बोटं बाहेर होता आणि त्याच्यामागे छान चकचकीत दांडी होती. फक्त तिला हार बांधलेला नव्हता.

मी फोटो मोठा करून पाहिला. लहान करून पाहिला. मोबाइल उलटा धरून पाहिला. तो प्रत्येक बाजूने स्टॉपरच दिसत होता.

आता करायचं ते अगदी सोपं होतं. पुढे जायचं आणि सांगायचं. अंतर पंधरा पावलं. मी मनात वाक्य तयार केलं, ‘आप्पा, त्या स्टॉपरला मी हार बांधलाय.’ सहा शब्द. पाठ केले. बारा पुरुष, एक बबनमामा आणि एक आत्या यांच्यामधून वाट काढत आप्पांपाशी गेले.

“आप्पा,” मी म्हणाले, “ते...”

“व्हय गं साये, बरं झालं,” आप्पा म्हणाले. “सगळ्यास्नी च्या ठेव.”

आणि मी गेले! मी खरोखर आत गेले आणि पंधरा जणांचा चहा ठेवला. आलं किसून घातलं. ट्रेमध्ये कप लावून बाहेर आणले. चहा छान झाला होता, असं सगळे म्हणाले.

चहा देता देता मी दुसरा मार्ग शोधला. वहिनीला मेसेज करायचा. मी भराभर टाइप केलं, अर्थात इंग्रजीत, कारण घाबरले की मला तेच येतं. पाठवल्यावर आठवलं की वहिनीचा मोबाइल आप्पांच्या हातात आहे. टुंग वाजलं. आप्पांनी डोळे बारीक करून पाहिलं.

“ह्याच्या तोंडावर काहीतरी विंग्रजी आलंय,” ते म्हणाले, आणि दादाच्या नाकावरची माशी हाकलावी तसा माझा कबुलीजबाब बोटाने उडवून लावला.

सव्वानऊला यवतच्या व्यापाऱ्याचा फोन आला. वहिनीने आप्पांच्या हातून मोबाइल घेतला आणि स्पीकर लावला.

“ताई, कुठवर आलाय?”

“हे काय, पुलावर हाय,” वहिनी म्हणाली. वहिनी खोटं बोलताना मी प्रथमच ऐकत होते.

“अकराच्या फुडं एक मिनिट थांबायचा न्हाई बरं का. शटर लावलं की लावलं.”

इकडे बबनमामांनी पिशवीतून मोठे पाने काढले. “पंपच गेलाय, आप्पा. उतरवून दौंडला न्यावा लागंल. आज काय दुकान उघडं नसंल, उद्या दसरा. परवा बघू.”

‘परवा’ ऐकल्यावर वहिनी ट्रकच्या मागे गेली, बादलीतून पाणी घेऊन क्रेटवर शिंपडू लागली. ऊन चढत होतं. बारा माणसं एकदम गप्प झाली. आणि तेरावं माणूस, जे आधीपासूनच गप्प होतं, ते कप गोळा करत होतं.

“पंप नंतर,” आप्पा खाली उडी मारत म्हणाले. “आधी टोचन लावून बघू. ट्रॅक्टर आणा रं!”

म्हणजे ट्रॅक्टरला दोरखंड बांधून ट्रक पुढे ओढायचा आणि गिअर टाकून इंजिन जबरदस्तीने उठवायचं. शेजारच्यांचा ट्रॅक्टर आला. त्यालाही हार, त्याच्याही कपाळाला कुंकू. दोरखंड बांधला. मी मनात म्हटलं, ओढा किती ओढायचा तो. अगदी मुंबईपर्यंत ओढलात, तरी ती उठणार नाही. त्याचा उलगडा सबंध पुणे जिल्ह्यात फक्त मला झाला होता.

“साये!” आत्या ओरडली. “आत बस! गाडीला हिसके बसतील, हार तुटंल. दोन्ही हातांनी धरून ठेव!”

देव आहे, असं मला त्या क्षणी वाटलं. मी टुणकन केबिनमध्ये चढले आणि आप्पांच्या अंगाला चिकटून बसले. ट्रॅक्टर निघाला. आप्पांनी मान खिडकीबाहेर काढली आणि ट्रॅक्टरवाल्याला सूचना देऊ लागले. “हळू... हळू... दोर तानू दे... आता दाब!”

मी हाराखाली हात घातला आणि गाठी सोडायला लागले. पण त्या गाठी मी मारलेल्या होत्या! आत्याने ‘घट्ट’ म्हटलं, म्हणून मी सुतळी पाण्यात भिजवून आवळली होती. ती आता वाळून लोखंड झाली होती. नखं तुटली, गाठ तुटेना. रस्ता वस्तीतून होता. दोन्ही बाजूंनी लोक ओट्यावर येऊन बघत होते. पोरं मागून पळत होती. ट्रक हिसके देत होता, प्रत्येक हिसक्याला मागून फुलं सांडत होती. एखाद्या पुढाऱ्याची मिरवणूक जावी तसे आम्ही झेंडू उधळत चाललो होतो.

“उठंना गं माय!” आप्पा बाहेर बघून ओरडत होते. “आजून दाब!”

वस्तीचा रस्ता संपत आला. पुढे उतार आणि ओढा. मला सुचलं तेच केलं. मी पुढे वाकले, हारात तोंड खुपसलं आणि सुतळीला दात लावले.

काचेतून हे दृश्य बाहेरच्यांना वेगळं दिसलं. मला आत्याचा आवाज ऐकू आला (अर्थात आला). “बघा! बघा! पोरगी गाडीच्या पाया पडतीय!”

एक गाठ. दुसरी. तोंडात झेंडूच्या पाकळ्या, नाकात हळद. तिसरी, चौथी, आणि पाचवीला सुतळी कट्कन तुटली. मी अंगठ्याने नॉब आत दाबला.

धडाड्!

इंजिन असं उठलं की गाडी पुढे झेपावली आणि ट्रॅक्टरपासून हातभर अंतरावर थांबली. ट्रॅक्टरवाल्याने जागेवरून उडी मारली. काळ्या धुराने अख्खी वस्ती झाकली. धूर विरला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

“टोचन लावल्यावर उठणारच,” आप्पा म्हणाले.

“मी एअर काढली म्हणून उठली,” बबनमामा म्हणाले.

“रूट कॉज मिळालं का?” वहिनीच्या हातातला मोबाइल दादाच्या आवाजात म्हणाला.

“गप बसा सगळे,” आत्या म्हणाली. “तिनं डोकं टेकलं आन् गाडी उठली. ह्या डोळ्यांनी पाह्यलंय मी. नवरात्रातली कुमारिका हाय ती!”

मी तोंड उघडलं. आतून दोन पाकळ्या पडल्या. तोंडातून फुलं पडताना पाहून शेजारणीने सरळ हातच जोडले. आत्याने माझ्या कपाळावर मळवट भरला. एकजण पुढे येऊन म्हणाला, “ताई, आमची बोअरची मोटर दोन दिस झालं पाणी उचलंना. जाता जाता तेवढं डोकं टेकून जाता का?”

अशा वेळी माणसाने खरं कसं सांगावं? आधी फक्त लाजाळू होते, तेव्हा बोलता आलं नाही. आता तर देवी झाले होते.

दहाला पाच कमी होते. वहिनी धावत येऊन चढली, आप्पांनी गाडी हाणली. हाराचं सुटलेलं टोक मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पूल ओलांडून दौंड तालुक्यात शिरलो, तेव्हा वहिनीने माझा दंड दाबला.

“सायलीताई, गाडी निघाली ती फकस्त तुमच्यामुळं.”

यात खोटं काहीच नव्हतं. अडली होती तीही फक्त माझ्यामुळंच. मी खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले.

अकराला सहा मिनिटं कमी असताना आम्ही यवतला पोचलो. व्यापाऱ्याची माणसं मोठ्या गाडीचं दार लावतच होती. वहिनीने गाडी थांबायच्या आत उडी टाकली आणि पहिला क्रेट स्वतः उचलला. पाच मिनिटांत सगळी फुलं चढली. व्यापाऱ्याने मूठभर झेंडू हातात घेऊन दाबून पाहिला, मान डोलावली. “माल एक नंबर, ताई. पुढच्या सालीबी आपल्यालाच द्या.”

वहिनीच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी तिच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

इथे ही हकीकत सुखाने संपायला हरकत नव्हती. मोठी गाडी सुटली. आम्ही हायवेकडच्या हॉटेलात चहाला बसलो. व्यापारी, त्याची माणसं, दोन ड्रायव्हर, सगळे आप्पांभोवती. आप्पांनी सकाळची गोष्ट सांगितली, टोचन, धूर आणि माझ्या नमस्कारासकट. मग बशीत चहा ओतला, आणि अगदी सहज म्हणाले,

“आता फुलं न्हाईत पुढच्या साली.”

“का हो?” व्यापाऱ्याने विचारलं.

“गाडीनं सांगितलं की. तीस वर्सांत कांदा न्यायला एकदाबी अडली न्हाई. पयल्यांदा फुलं भरली आन् बसली. आमच्या भैनीचंबी तेच म्हणनं, खंडेनवमीला फुलं वाहायची गाडीची इच्छा न्हाई. पोरीनं पाया पडून येकदा समजूत काढली, दर साली कोण काढणार? विहिरीकडं कांदाच बरा.”

मी वहिनीकडे पाहिलं. ती आता भांडेल, असं मला वाटलं. ती नेहमी भांडते. पण तह आप्पांशी झाला होता, गाडीशी कोण वाद घालणार? तिने रिकाम्या कपाकडे बघत मान खाली घातली, आणि नखातला झेंडूचा चीक खरवडू लागली.

मी उठून उभी राहिले. मांडीवरचा हार खाली पडला. हॉटेलातले सगळे माझ्याकडे बघायला लागले, कपाळावर मळवट भरलेली मुलगी अशी एकदम उभी राहिली म्हणजे बघणारच. पाठ केलेले सहा शब्द आठवेनात. इंग्रजीही आठवेना. आणि मग जो आवाज निघाला तो कुठून आला, मला माहीत नाही. आमच्या घरात तसा आवाज आत्याशिवाय कुणाचा नाही.

“आप्पा, गाडीची इच्छाबिच्छा काही नव्हती, स्टॉपर ओढून त्याला पाच गाठींचा हार मी बांधला व्हता! पाया पडत नव्हते, दातानं सुतळी तोडत होते! पुढच्या साली फुलं दुप्पट लावा, फकस्त मला पूजेला बोलवू नका!”